क्लिपबोर्डवरून चिकटवलेल्या चित्राचे मिश्रण वारंवार का बिघडते : पिलो लायब्ररीसाठी समस्या निवारण

क्लिपबोर्डवरचे चित्र उचलून दुसऱ्या चित्रावर चिकटवणारा छोटा प्रोग्राम पायथन भाषेच्या, चित्रे हाताळणाऱ्या पिलो लायब्ररीत लिहायला फार वेळ लागत नाही. पण तो वापरात आल्यावर काही ठरावीक तक्रारी येऊ लागतात. पारदर्शक पार्श्वभूमीचे चिन्ह चिकटवले तर त्याच्याभोवती काळा चौकोन दिसतो. कधी प्रोग्राम कोणतीही चूक न दाखवता पूर्ण होतो आणि कॅनव्हासवर (ज्या चित्रावर चिकटवायचे त्यावर) मात्र काहीच उमटलेले नसते. कधी अक्षरांच्या आणि गोलाईच्या कडांना काळपट झालर लागते, तर कधी मूळ चित्रातली मऊ सावली चिकटवल्यावर जवळजवळ नाहीशी होते. आपण एखादी ओळ बदलतो, तक्रार मिटते, आणि पुढे कोणी दुसऱ्याच प्रोग्राममधून चित्र कॉपी केले की तीच तक्रार वेगळ्या रूपात परत येते.

माझ्या कामात ही समस्या तीनदा परतली. तिसऱ्या वेळी मी ओळी बदलून पाहणे थांबवले, प्रत्येक टप्प्यावर चार-पाच पिक्सेलच्या किमती छापल्या आणि कागदावर स्वतः काढलेल्या किमतींशी ताडून पाहिल्या. तेव्हा स्पष्ट झाले की येथे दोन स्वतंत्र दोष आहेत आणि त्यांची लक्षणे एकमेकांत मिसळतात. पहिला दोष चित्र आत येताना घडतो : क्लिपबोर्ड प्रत्येक वेळी एकाच रूपातले चित्र देत नाही. दुसरा दोष चिकटवताना घडतो : पिलोतील ‘पेस्ट’ ही मेथड पारदर्शकतेचा हिशेब आपण गृहीत धरतो तसा करत नाही. एक दोष दुरुस्त करून दुसरा तसाच राहिला, तर काही चित्रांपुरते काम सुधारते आणि दुरुस्ती पूर्ण झाल्याचा समज होतो. म्हणून मिश्रणाची पद्धत निवडण्याआधी चित्र कोणत्या रूपात आले आहे हे निश्चित करावे लागते, आणि ही दोन कामे कोडमध्येही वेगळ्या ठिकाणी ठेवावी लागतात.

हातात काय आले आहे ते आधी पाहा

पिलोच्या ‘इमेजग्रॅब’ विभागातील ‘ग्रॅबक्लिपबोर्ड’ हे फंक्शन तीन प्रकारची उत्तरे देऊ शकते. क्लिपबोर्डवर चित्र असेल तर चित्र मिळते. विंडोजवर वापरकर्त्याने फाइल व्यवस्थापकात फाइल निवडून कॉपी केली असेल तर फाइलनावांची यादी मिळते. आणि यांपैकी काहीच नसेल तर ‘नन’ ही रिकामी किंमत मिळते. फाइलनावांची यादी आली असता तिला चित्र समजून पुढे जाणे ही चूक लगेच उघडी पडते, त्यामुळे तिची फार काळजी नाही. लिनक्सवर ‘डब्ल्यूएल-पेस्ट’ किंवा ‘एक्सक्लिप’ यांपैकी एकही साधन बसवलेले नसेल तर हे फंक्शन चूक दाखवून थांबते. तो मिश्रणाचा दोष नाही, साधन बसवले की प्रश्न संपतो.

खरी अडचण चित्र मिळाल्यानंतर सुरू होते. चित्र मिळताच तीन गोष्टी छापून पाहाव्यात : चित्राचा मोड (पिक्सेलमध्ये कोणते घटक साठवले आहेत ते), त्याचा आकार, आणि मोडमध्ये अल्फा, म्हणजे पारदर्शकता सांगणारा चॅनेल (० पूर्ण पारदर्शक, २५५ पूर्ण अपारदर्शक), असेल तर त्याची किमान व कमाल किंमत. ही शेवटची जोडी ‘गेटएक्स्ट्रिमा’ या मेथडने मिळते. पुढचे जवळजवळ सगळे निदान या तीन गोष्टींवर उभे आहे, आणि त्या न पाहता ब्लेंड मोड (मिश्रणाची पद्धत) बदलत बसणे म्हणजे ताप न मोजता औषध बदलण्यासारखे आहे.

विंडोजवर एखादा प्रोग्राम चित्र कॉपी करतो तेव्हा तो एकाच चित्राची अनेक रूपे एकदम क्लिपबोर्डवर ठेवू शकतो. त्यांतले जुने आणि जवळजवळ सर्वत्र चालणारे रूप डीआयबी, म्हणजे विंडोजचे बिटमॅप रूप, आहे. त्याचा नेहमीचा हेडर (सुरुवातीचा माहितीचा भाग) ४० बाइटचा असतो आणि त्यात अल्फासाठी जागा नसते. ३२ बिटच्या डीआयबीत प्रत्येक पिक्सेलला चार बाइट मिळतात, पण साध्या प्रकारात चौथ्या बाइटला कोणताही अर्थ नेमून दिलेला नाही. पुढे आलेल्या पाचव्या आवृत्तीच्या हेडरमध्ये, जो १२४ बाइटचा आहे, अल्फाचे बिट कोणते हे सांगण्याची सोय आहे. याशिवाय अनेक प्रोग्राम ‘पीएनजी’ या नावाने नोंदवलेले वेगळे रूप ठेवतात, आणि त्यात पारदर्शकता पूर्ण व निःसंदिग्ध असते. यांपैकी कोणते रूप आपल्या हाती लागेल हे कॉपी करणाऱ्या प्रोग्रामने काय आणि कोणत्या क्रमाने ठेवले यावर अवलंबून असते. एकाच चित्राचे परिणाम दोन प्रोग्राममधून कॉपी केल्यावर वेगळे दिसतात, त्याचे कारण हेच. मॅकवर पिलो क्लिपबोर्डकडून पीएनजी रूप मागून घेते, त्यामुळे तेथे ही तक्रार क्वचितच दिसते. ‘माझ्या संगणकावर तर बरोबर चालते’ असे सहकारी म्हणतात तेव्हा बऱ्याचदा ते खरेच असते.

या माहितीवरून लक्षणे लावता येतात. मोड ‘आरजीबी’ (फक्त लाल, हिरवा, निळा) आला आणि मूळ चित्रात पारदर्शकता होती हे आपल्याला ठाऊक असेल, तर पिलोने अल्फा नसलेले डीआयबी वाचले आहे. पारदर्शक जागांतील रंगाच्या किमती बहुधा शून्य असतात, म्हणजे काळ्या. काळा चौकोन तेथून येतो. या चित्रातून पारदर्शकता परत मिळवता येत नाही, कारण ती आलेलीच नाही. काळा रंग पुसून टाकण्याची युक्ती अनेक जण करतात, पण ती चित्रातील खरी काळी अक्षरेही पुसते आणि कडांवरचे अर्धवट पिक्सेल तसेच ठेवते, म्हणून मी ती सुचवणार नाही. योग्य मार्ग असा की विंडोजवर आधी पीएनजी रूप आहे का ते स्वतः विचारावे. पायविन३२ या संचातील क्लिपबोर्डची फंक्शने वापरून ‘पीएनजी’ या नावाच्या रूपाचा क्रमांक मिळवावा, ते रूप उपलब्ध असल्यास त्याचे बाइट घ्यावेत, क्लिपबोर्ड न चुकता बंद करावा आणि मग ते बाइट पिलोच्या ‘ओपन’ फंक्शनकडे स्मृतीतील फाइल म्हणून द्यावेत. क्लिपबोर्ड बंद करणे विसरले तर इतर प्रोग्रामना तो उघडता येत नाही, म्हणून बंद करण्याची ओळ ‘फायनली’ या, चूक आली तरी चालणाऱ्या भागातच ठेवावी. पीएनजी रूप नसेल तरच ‘ग्रॅबक्लिपबोर्ड’कडे वळावे.

चित्र आले, मोड ‘आरजीबीए’ (तेच तीन रंग आणि अल्फा) आहे, पण अल्फाची किमान आणि कमाल किंमत दोन्ही शून्य आहेत, तर चौथा अर्थहीन बाइट अल्फा म्हणून वाचला गेला आहे. पिलो स्वतः साधे ३२ बिटचे डीआयबी वाचताना चौथा बाइट सोडून देते. त्यामुळे ही स्थिती बहुतेक वेळा आपण दुसऱ्या मार्गाने मिळवलेले बाइट स्वतः चित्रात रूपांतरित करतो तेव्हा उद्भवते. ‘काहीच उमटत नाही’ ही तक्रार येथली. रंगांच्या चॅनेलमध्ये शून्याहून वेगळ्या किमती आहेत याची खात्री करावी आणि असल्यास अल्फा सर्वत्र २५५ करावा. रंगही सर्वत्र शून्य असतील तर चित्र खरोखरच रिकामे असू शकते. अशा वेळी ते अपारदर्शक केल्यास रिकाम्या चित्राचा काळा ठोकळा होईल.

मोड ‘पी’ असेल, म्हणजे चित्र रंगपट्टीवर आधारलेले असेल, तर ते लगेच ‘आरजीबीए’त बदलावे. रंगपट्टीच्या चित्राची पारदर्शकता वेगळ्या नोंदीत असते आणि रूपांतर करताना पिलो ती नोंद अल्फात उतरवते. ‘एलए’, म्हणजे करडा रंग आणि अल्फा असलेला मोडही तसाच ‘आरजीबीए’त बदलावा.

‘पेस्ट’ नेमके काय करते

आता समजा चित्र निर्दोष ‘आरजीबीए’ रूपात आले आहे. बहुतेक उदाहरणांत पुढची ओळ अशी असते की ‘पेस्ट’ला चिकटवायचे चित्र, स्थान आणि मास्क (कोठे किती चिकटवायचे ते सांगणारे चित्र) म्हणून पुन्हा तेच चित्र दिले जाते. मास्क दिला नाही तर पारदर्शक पिक्सेलही जसेच्या तसे कॅनव्हासवर उतरतात आणि खालचे चित्र पुसले जाते. मास्क दिला की पिलो त्या चित्राचा अल्फा चॅनेल प्रमाण म्हणून वापरते. याच ओळीत क्लिपबोर्डचे चित्र कधी ‘आरजीबी’ आले, तर ‘बॅड ट्रान्स्परन्सी मास्क’ अशी चूक येते, कारण ‘आरजीबी’ चित्र मास्क होऊ शकत नाही. ही चूक अधूनमधूनच येते म्हणून तिचे कारण शोधणे अवघड वाटते. प्रत्यक्षात ती आत येणाऱ्या चित्राच्या रूपावर थेट अवलंबून असते.

मास्कसह ‘पेस्ट’ प्रत्येक चॅनेलसाठी एकच सूत्र वापरते : नवी किंमत म्हणजे वरच्या चित्राची किंमत गुणिले मास्क, अधिक खालच्या चित्राची किंमत गुणिले मास्कचा उरलेला भाग. हे सूत्र लाल, हिरव्या आणि निळ्या चॅनेलला लागते, आणि कॅनव्हासला अल्फा चॅनेल असेल तर त्यालाही लागते. अडचणीचे मूळ या शेवटच्या भागात आहे.

एक अर्धपारदर्शक लाल पिक्सेल घेऊ : लाल २५५, हिरवा ०, निळा ०, अल्फा १२८. तो पूर्ण पारदर्शक, म्हणजे चारही किमती शून्य असलेल्या कॅनव्हासवर मास्कसह चिकटवला, तर लाल चॅनेल १२८ होतो आणि अल्फा १२८ गुणिले १२८ भागिले २५५, म्हणजे ६४ होतो. पारदर्शकता दोनदा लागू झाली आणि रंगही काळ्याशी मिसळला. हा थर पुढे पांढऱ्या पानावर योग्य रीतीने ठेवला, तर लाल २२३, हिरवा १९१ आणि निळा १९१ असा मळकट फिका रंग दिसतो. अपेक्षित रंग मात्र लाल २५५, हिरवा १२७ आणि निळा १२७ हा स्वच्छ गुलाबी आहे. मऊ सावल्या नाहीशा होतात त्या अशा. प्रोग्राममध्ये थरांवर थर असतील आणि प्रत्येक रिकाम्या थरावर याच पद्धतीने चिकटवले जात असेल, तर १२८ चा अल्फा पहिल्या थरावर ६४, दुसऱ्यावर १६ आणि तिसऱ्यावर १ उरतो.

खालचा कॅनव्हास पूर्ण अपारदर्शक असला तरी सुटका नाही. त्याचा अल्फा २५५ असेल आणि त्यावर हाच पिक्सेल चिकटवला, तर सूत्रानुसार नवा अल्फा १९१ येतो. भरीव पानावर अर्धपारदर्शक काच ठेवली तर पानाला भोक पडत नाही. पण येथे पडते, आणि ते लगेच दिसतही नाही. चित्र पाहण्याच्या साधनाची पार्श्वभूमी पांढरी असेल तर फरक पुसट असतो, गडद पार्श्वभूमीवर तेच चित्र उघडले की डाग दिसतात. कॅनव्हास ‘आरजीबी’ असेल तेव्हा मात्र अल्फा चॅनेलच नसल्याने हेच सूत्र अचूक उत्तर देते. त्यामुळे चाचणी ‘आरजीबी’ कॅनव्हासवर केली आणि नंतर कोणी तो कॅनव्हास ‘आरजीबीए’ केला, तर न बदललेली ओळ अचानक चुकू लागते. माझ्या तीन फेऱ्यांपैकी एका फेरीचे कारण नेमके हे होते.

‘पेस्ट’ची ही वागणूक म्हणजे लायब्ररीतील चूक नव्हे. तिच्या दस्तऐवजात स्पष्ट लिहिले आहे की मास्कच्या मधल्या किमतींना दोन्ही चित्रे त्यांच्या अल्फा चॅनेलसह मिसळली जातात, आणि अल्फाचा मान राखून चित्रे एकत्र करायची असतील तर ‘अल्फा कंपोझिट’ पाहावे. हे वाक्य बहुतेकांच्या नजरेतून सुटते.

चित्रावर चित्र ठेवण्याचे योग्य गणित थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी १९८४ साली मांडले. त्यांच्या मांडणीतील ‘ओव्हर’ ही क्रिया म्हणजे आपण रोज ज्याला साधे चिकटवणे म्हणतो ती. तिच्यात नवा अल्फा म्हणजे वरचा अल्फा अधिक खालच्या अल्फाचा झाकला न गेलेला भाग, आणि रंग त्या एकूण अल्फाच्या प्रमाणात वाटून घेतला जातो. पिलोत हे गणित ‘अल्फा कंपोझिट’ करते. वरचा लाल पिक्सेल रिकाम्या कॅनव्हासवर या मार्गाने ठेवला तर तो २५५, ०, ०, १२८ असाच राहतो, आणि अपारदर्शक पानावर ठेवला तर पानाचा अल्फा २५५ च राहतो.

या फंक्शनची एक अट आहे : दोन्ही चित्रे ‘आरजीबीए’ आणि समान आकाराची हवीत. म्हणून मी पुढील क्रम वापरतो आणि तो कोणत्याही स्थानासाठी चालतो. आधी कॅनव्हासमधून चिकटवायच्या चित्राएवढा तुकडा ‘क्रॉप’ने कापावा. तुकडा कॅनव्हासच्या बाहेर जात असेल, अगदी स्थान ऋण असले, तरी पिलो बाहेरचा भाग शून्य किमतींनी भरून देते. त्या तुकड्यावर क्लिपबोर्डचे चित्र ‘अल्फा कंपोझिट’ने ठेवावे. तयार झालेला तुकडा मग मूळ जागी ‘पेस्ट’ने, मास्क न देता, परत ठेवावा. येथे मास्क न देणे बरोबर आहे, कारण खालच्या चित्राचा वाटा तुकड्यात आधीच मोजला गेला आहे; मास्क दिल्यास वरचा दोष पुन्हा शिरतो. कॅनव्हासबाहेर गेलेला भाग ‘पेस्ट’ स्वतःच छाटते.

कडांची काळपट झालर

झालरीचे कारण वेगळे आहे. पारदर्शक पिक्सेल साठवण्याच्या दोन रीती आहेत. एकीत रंग जसाच्या तसा ठेवतात आणि अल्फा वेगळा. दुसरीत रंग आधीच अल्फाने गुणून ठेवतात, तिला प्रीमल्टिप्लाइड म्हणतात. पीएनजीच्या नियमांनुसार त्यात पहिलीच रीत असते. डीआयबीच्या हेडरमध्ये मात्र कोणती रीत वापरली आहे हे सांगणारी जागाच नाही, आणि विंडोजचे ‘अल्फाब्लेंड’ हे फंक्शन गुणलेले रंग मागत असल्यामुळे तशा रूपातले चित्र समोर येणे अगदी शक्य आहे. गुणलेले रंग साधे समजून पुन्हा अल्फाने गुणले गेले की कडा काळवंडतात. उदाहरणार्थ, पांढऱ्या अक्षराच्या कडेचा अल्फा १२८ असेल तर गुणलेल्या रूपात त्याच्या रंगाच्या तिन्ही किमती १२८ असतात; ते साधे समजून पांढऱ्या पानावर ठेवले तर पांढऱ्यावर पांढरे दिसण्याऐवजी १९१ ची करडी रेघ दिसते.

ओळखण्याची कसोटी सोपी आणि भरवशाची आहे. गुणलेल्या रूपात कोणत्याही पिक्सेलच्या कोणत्याही रंगाची किंमत त्याच्या अल्फाहून जास्त असू शकत नाही. एक जरी पिक्सेल हा नियम मोडत असेल तर चित्र साध्या रूपात आहे. उलट दिशेने थोडी सावधगिरी हवी : पूर्ण काळ्या अक्षरांचे साधे चित्रही हा नियम पाळते, कारण त्याचे रंग शून्यच असतात, पण तेथे गुणले काय आणि न गुणले काय, फरक पडत नाही.

उपाय म्हणून स्वतः भागाकार लिहिण्याची गरज नाही. पिलोत ‘आरजीबीए’चे शेवटचे अक्षर लहान लिपीत लिहिलेला स्वतंत्र मोड आहे आणि तो गुणलेल्या रंगांसाठीच आहे. बाइट त्या मोडमध्ये चित्रात आणावेत आणि मग नेहमीच्या ‘आरजीबीए’त रूपांतर करावे, भागाकार लायब्ररी करते. लहान-मोठ्या अक्षराचा हा फरक कोड वाचताना सहज निसटतो, म्हणून तेथे एक टिप्पणी अवश्य लिहावी.

झालरीचा आणखी एक उगम धूसर करणाऱ्या फिल्टरमध्ये आहे. पिलो ‘आरजीबीए’ चित्राचा आकार बदलताना, सर्वांत साधी ‘निअरेस्ट’ पद्धत सोडता, स्वतःहून रंग गुणून घेते आणि नंतर परत भागते, त्यामुळे आकार बदलण्याने झालर येत नाही. गॉसियन ब्लरसारखे फिल्टर मात्र चारही चॅनेल स्वतंत्रपणे फिरवतात, आणि पारदर्शक जागेतला अदृश्य काळा रंग कडेत झिरपतो. फिल्टरआधी चित्र गुणलेल्या मोडमध्ये नेऊन नंतर परत आणले की हे थांबते.

नेहमीपेक्षा वेगळे मिश्रण हवे असेल तर

मल्टिप्लाय, स्क्रीन, ओव्हरले अशी मिश्रणे पिलोच्या ‘इमेजचॉप्स’ विभागात आहेत. मल्टिप्लायमध्ये दोन किमतींचा गुणाकार करून २५५ ने भागतात, म्हणून २०० आणि १०० यांचे उत्तर ७८ येते. स्क्रीनमध्ये हाच हिशेब उलट्या किमतींवर होतो आणि तीच जोडी २२२ देते. शाईच्या सहीचे चित्र कागदाच्या चित्रावर चिकटवताना मल्टिप्लाय उत्तम चालते, कारण सहीचा पांढरा कागद आपोआप नाहीसा होतो.

पण ही फंक्शने ‘आरजीबीए’ चित्रांना थेट दिली तर ती अल्फालाही रंगासारखेच वागवतात. मल्टिप्लायमध्ये वरच्या चित्राचा अल्फा शून्य असलेल्या जागी उत्तराचाही अल्फा शून्य येतो आणि खालचे पान तेथे पुसले जाते. शिवाय दोन चित्रांचे आकार वेगळे असतील तर उत्तर लहान आकाराएवढेच मिळते, चूक दाखवली जात नाही. म्हणून रंग आणि अल्फा वेगळे हाताळावेत.

मी वापरतो तो क्रम असा : वर सांगितल्याप्रमाणे कॅनव्हासचा तुकडा कापावा. तुकडा आणि चिकटवायचे चित्र या दोघांच्या ‘आरजीबी’ प्रती घेऊन त्यांवर मल्टिप्लाय किंवा हवे ते मिश्रण करावे. मग ‘कंपोझिट’ या फंक्शनला मिश्रित रंग, वरच्या चित्राचा मूळ रंग आणि मास्क म्हणून कॅनव्हासच्या तुकड्याचा अल्फा द्यावा. यामुळे खाली जेथे भरीव चित्र आहे तेथे मिश्रित रंग लागतो आणि जेथे खाली काहीच नाही तेथे वरच्या चित्राचा स्वतःचा रंग राहतो. मिळालेल्या चित्राला वरच्या चित्राचा अल्फा लावावा, ते ‘अल्फा कंपोझिट’ने तुकड्यावर ठेवावे आणि तुकडा परत कॅनव्हासवर ठेवावा. वेबवरील मिश्रणासाठी वापरले जाणारे प्रमाणित सूत्रही हाच हिशेब करते. ‘कंपोझिट’ची पायरी गाळली तर रिकाम्या थरावर मल्टिप्लाय केलेले चित्र काळे पडते, आणि ही तक्रार मला सर्वांत अधिक वेळा दिसली आहे.

संपूर्ण चित्र ठरावीक प्रमाणात पुसट करायचे असेल, समजा ६० टक्के अपारदर्शकता ठेवून, तर दोन चुकीचे मार्ग फार मोहात पाडतात. ‘पुटअल्फा’ला १५३ हा आकडा दिला तर तो प्रत्येक पिक्सेलचा अल्फा १५३ करतो, पूर्ण पारदर्शक पिक्सेलचाही, आणि लपलेली काळी पार्श्वभूमी उघडी पडते. ‘ब्लेंड’ हे फंक्शन वापरले तर ते चित्रातील अल्फा विचारात न घेता सगळीकडे एकच प्रमाण लावते, त्यामुळे जेथे वरचे चित्र रिकामे आहे तेथेही खालचे पान फिके होते. बरोबर मार्ग असा की चित्राचा अल्फा चॅनेल वेगळा काढावा, ‘पॉइंट’ने त्याची प्रत्येक किंमत ०.६ ने गुणावी आणि तो चॅनेल ‘पुटअल्फा’ने परत लावावा. तेव्हा २५५ चे १५३ होतात, १२८ चे सुमारे ७७, आणि शून्य शून्यच राहते.

सर्व काही बरोबर करूनही दुसऱ्या एखाद्या प्रोग्राममधील परिणामाशी रंग तंतोतंत जुळत नसेल, तर कारण बहुधा गॅमाचे, म्हणजे साठवलेली किंमत प्रत्यक्ष प्रकाशाच्या सरळ प्रमाणात नसण्याचे, असते. पिलो साठवलेल्या किमती थेट मिसळते. काळा आणि पांढरा निम्मे-निम्मे मिसळले की १२८ येतो. प्रकाशाच्या प्रमाणात मिसळणारा प्रोग्राम त्याच जागी एसआरजीबी या नेहमीच्या रंगप्रणालीत १८८ देतो. येथे कोणाचीही चूक नसते, केवळ कोणती पद्धत हवी ते ठरवावे लागते.

जतन करताना

जेपीईजीत पारदर्शकता नसते, आणि ‘आरजीबीए’ चित्र जेपीईजी म्हणून जतन करू लागल्यास पिलो नकार देते. घाईने ‘कन्व्हर्ट’ करून ‘आरजीबी’ केले की अल्फा टाकून दिला जातो आणि काळा चौकोन शेवटच्या पायरीवर परत येतो. रूपांतरापूर्वी चित्र पांढऱ्या किंवा हव्या त्या रंगाच्या भरीव ‘आरजीबीए’ पानावर ‘अल्फा कंपोझिट’ने ठेवावे आणि मगच मोड बदलावा.

इतर साधने वापरणाऱ्यांनाही हेच निदान लागू पडते, फक्त नावे बदलतात. डॉटनेटच्या ग्राफिक्समध्ये ‘कंपोझिटिंगमोड’ हा गुणधर्म ‘सोर्सकॉपी’वर राहिला तर चित्र खालचे पुसून बसते आणि ‘सोर्सओव्हर’वर असेल तर मिसळते. क्यूटीमध्ये रेखाटन करणाऱ्या ‘पेंटर’ला ‘कंपोझिशन मोड’ द्यावा लागतो, आणि वेबच्या कॅनव्हासवर ‘ग्लोबल कंपोझिट ऑपरेशन’. या तिन्ही ठिकाणी एकदा लावलेला मोड पुढच्या रेखाटनांसाठी तसाच टिकून राहतो. क्यूटीत किंवा वेबवर एका चित्रासाठी मल्टिप्लाय लावून तो मूळ स्थितीत आणला नाही, तर पुढचे चिकटवलेले चित्र विनाकारण गडद होते आणि दोष क्लिपबोर्डवर ढकलला जातो. मोड बदलण्याआधी स्थिती जतन करून नंतर ती पूर्ववत करणे हाच तेथला उपाय.

दुरुस्ती टिकवण्यासाठी मी आता एक लहान चाचणीचित्र सोबत ठेवतो. त्यात चार पिक्सेल आहेत : भरीव लाल, १२८ अल्फाचा लाल, १२८ अल्फाचा पांढरा, आणि अल्फा शून्य पण रंग पांढरा असलेला. हे चित्र तीन कॅनव्हासवर चिकटवून पाहतो : पांढरा ‘आरजीबी’ (त्याची प्रत आधी ‘आरजीबीए’त बदलून), भरीव पांढरा ‘आरजीबीए’ आणि पूर्ण रिकामा ‘आरजीबीए’. अर्ध्या लाल पिक्सेलने दोन्ही पांढऱ्या पानांवर २५५, १२७, १२७ हाच रंग द्यायला हवा, भरीव पानाचा अल्फा २५५ हून ढळता कामा नये, आणि रिकाम्या पानावर त्याने २५५, ०, ०, १२८ असेच राहायला हवे. अर्ध्या पांढऱ्याने पांढऱ्या पानावर कोणतीही खूण सोडता कामा नये. चौथ्या पिक्सेलमुळे कोणत्याही पानावर काहीच बदल होऊ नये. लाल पिक्सेलचा अल्फा रिकाम्या पानावर ६४ दिसला तर कोणीतरी ‘पेस्ट’ला पुन्हा मास्क दिला आहे, पांढऱ्या पानावर १९१ ची करडी खूण दिसली तर गुणलेले रंग साधे म्हणून वाचले जात आहेत, आणि चौथा पिक्सेल दिसू लागला तर अल्फा वाटेत कोठेतरी गळला आहे.